लाल ठिपका कुणाच्या शेतात? ऊसपट्ट्यातल्या धुराचा उपग्रहावरून घेतलेला माग

पार्श्वभूमी

पंचगंगेच्या खोऱ्यातलं एक गाव. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. प्रकरण मांडतोय ते मात्र आमच्या चुकीसकट. तीच चूक शेजारच्या तालुक्यात कुणी पुन्हा करू नये असं मनापासून वाटतं.

गावात ऊस सोडून दुसरं पीक शोधावं लागतं. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो तो मार्चपर्यंत चालतो. तोड झाली की रानात गुडघाभर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला उरतो, हेक्टरी आठ ते दहा टन. खोडवा ठेवायचा, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुढचं पीक घ्यायचं, तर बुडखे छाटायचे, खत द्यायचं, लगेच पाणी पाजायचं. आणि या सगळ्यात पाचट आडवं येतं. म्हणून काडी लावतात. एकराचं पाचट अर्ध्या तासात बसतं. सकाळी रान काळंभोर आणि मोकळं.

गावचं हायस्कूल नदीच्या अंगाला, खोलगटात आहे. तिथले विज्ञानाचे सर माझे जुने स्नेही. मी पोटापाण्यासाठी नकाशांचं आणि उपग्रह प्रतिमांचं काम करतो. डिसेंबरात एका रविवारी त्यांचा फोन आला. "महिना होत आला, शाळेच्या गच्चीवरून सकाळी जोतिबाचा डोंगर दिसलेला नाही. पोरं प्रार्थनेला खोकतात. तू ते वरून बघायचं काम करतोस ना, जरा बघ की."

मी गेलो. सकाळी साडेसातला शाळेचं मैदान राखट दिसत होतं. आदल्या रात्री वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणावर जळक्या पाचटाची काळी, लांबट, चुरगळलेली पानं पडलेली. बोट लावलं की त्यांची भुकटी व्हायची. तोंडात तो गोडसर, करपट वास. ऊसपट्ट्यात वाढलेल्या कुणालाही तो ओळखू येतो.

अडचण

धूर आहे यावर गावात एकमत होतं. कुणाचा आहे यावर मात्र चार तट. शेतकरी म्हणायचे, कारखान्याच्या चिमणीचा. कारखान्यात कामाला असलेले म्हणायचे, पाचटाचा. काहींचं बोट गुऱ्हाळांकडे, काहींचं नदीकाठच्या वीटभट्ट्यांकडे. आणि दोन म्हातारी माणसं ठामपणे सांगायची की हा सह्याद्रीतला वणवा आहे, वाऱ्याने इकडे येतो. डोंगरातलं गवत वाळून खरे वणवे पेटतात ते पुढे फेब्रुवारीपासून, त्यामुळे डिसेंबरात तो संशय फारसा टिकत नव्हता. पण फेटाळायलाही हाताशी काहीतरी हवं.

ग्रामसभेत विषय निघाला. सरपंच ताईंनी मला थेट विचारलं, "उपग्रहावरून कळतंय म्हणे कोण पेटवतंय ते. आम्हाला यादी मिळंल का?"

या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले होते: धूर कशाचा, आणि पेटवणारा कोण. पहिल्याचं उत्तर शोधण्यासाठी उपग्रह उपयोगी पडतो. दुसऱ्याच्या बाबतीत तो फार लवकर फसवतो. हे मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो." पुढचा निम्मा गोंधळ या एका शब्दाने झाला.

उपग्रहाला काय दिसतं, काय दिसत नाही

सुरुवात केली ती नासाच्या फर्म्स या खुल्या सेवेपासून. जगभरातल्या आगींचे ठिपके तिथे साधारण तीन तासांत येतात. ते मुख्यतः दोन उपकरणांवरून: टेरा आणि अॅक्वा या उपग्रहांवरचं मोडिस, आणि सुओमी एनपीपी, नोआ-२० व नोआ-२१ यांच्यावरचं व्हिर्स. सुमारे चार मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त किरणांत तापलेली वस्तू भोवतालच्या जमिनीपेक्षा कितीतरी ठळक चमकते, हे त्यामागचं तत्त्व. त्यामुळे प्रतिमेतल्या एका चौकटीचा, म्हणजे पिक्सेलचा, अगदी छोटा भाग पेटलेला असला तरी अख्खी चौकट 'आग' म्हणून नोंदली जाऊ शकते.

मोडिसची चौकट एक किलोमीटरची, व्हिर्सची ३७५ मीटरची. ३७५ गुणिले ३७५ म्हणजे सुमारे १४ हेक्टर, जवळपास ३५ एकर. आमच्या गावात एकेकाचं रान एक-दोन एकर, कुठे तीस गुंठे. म्हणजे एका चौकटीत पंधरा-वीस खातेदार बसतात. नकाशावर दिसणारा ठिपका त्या चौकटीच्या मध्यावर काढलेला असतो. आग चौकटीच्या कुठल्याही कोपऱ्यात असू शकते. उपग्रहाच्या नजरेच्या कडेला चौकट आणखी पसरते. गटनकाशावर ठिपका टाकला की तो कुणाच्या ना कुणाच्या गटात पडतोच, आणि पडला की तो त्या माणसाचा वाटतो.

पण आमच्यापुढे आधी उलटीच अडचण आली. ठिपके फारच कमी होते. रोज सकाळी धूर, आणि नकाशावर आठवडा-आठवडा काही नाही. रात्रीचे काही ठिपके पुन्हापुन्हा त्याच जागी येत होते. जाऊन पाहिलं तर त्या वीटभट्ट्या निघाल्या. त्या दिवसेंदिवस धुमसत राहतात, म्हणून मध्यरात्रीनंतरच्या फेरीतही सापडतात. पाचटाचं मात्र नाव नाही.

उत्तर सरांच्या वहीत होतं. त्यांनी नववीच्या मुलांना कामाला लावलं होतं: गच्चीवरून धुराचा लोट दिसला की वेळ आणि दिशा लिहायची. महिन्याभराच्या नोंदींत जवळजवळ सगळे लोट संध्याकाळी पाच ते साडेसातमधले. व्हिर्सचे तिन्ही उपग्रह आपल्याकडून जातात ते दुपारी दीड-दोनच्या आणि मध्यरात्रीनंतर दीड-दोनच्या सुमाराला. दुपारी ते जातात तेव्हा काडी लागलेली नसते, आणि रात्री परत येतात तेव्हा रान गार पडलेलं असतं.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. पंजाबात भाताच्या पेंढ्याच्या आगींची अधिकृत मोजणी अशाच उपग्रहांवर चालते. तिथे २०२३ च्या हंगामात ३६,६६३ घटना नोंदल्या गेल्या, २०२४ मध्ये १०,९०९. त्याच २०२४ च्या हंगामात नासाच्या गोडार्ड केंद्रातले संशोधक हिरेन जेठवा यांनी दक्षिण कोरियाच्या भूस्थिर, म्हणजे एकाच जागेवर सतत नजर ठेवणाऱ्या उपग्रहाच्या प्रतिमा पुढे ठेवल्या. दुपारचे उपग्रह निघून गेल्यावर धूर वाढत जातो, हे त्यांत दिसत होतं. त्यावरून शेतकरी उपग्रहाला चुकवतात असा मोठा बोलबाला झाला. तिथे दंड आणि जमिनीच्या नोंदीवर लाल शेरा असल्याने काहींनी तसं केलंही असेल. आमच्या गावात मात्र उपग्रह कधी डोक्यावरून जातो हे कुणाच्या गावीही नव्हतं. संध्याकाळी पेटवतात कारण वारा पडतो, आग आवाक्यात राहते, शेजारचा उभा ऊस वाचतो. बाप-आजा तसंच करत आले. तेव्हा संध्याकाळची आग दिसली की लपवाछपवी असं गृहीत धरणं म्हणजे माणसावर अन्याय. मला हे गावात राहिल्यावर कळलं, संगणकासमोर बसून कळलं नसतं.

मग भूस्थिर उपग्रह वापरायचा विचार केला. आपले इन्सॅट-३डीआर आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सोडलेला इन्सॅट-३डीएस दर अर्ध्या तासाला देश टिपतात, त्यांच्या प्रतिमा अहमदाबादच्या केंद्राच्या मोसडॅक संकेतस्थळावर मिळतात. वेळेचा प्रश्न सुटतो, पण आगीसाठी लागणाऱ्या अवरक्त पट्ट्यात त्यांची चौकट चार किलोमीटरची, म्हणजे १,६०० हेक्टर. त्यात एक एकर पेटलं तर चौकटीला पत्ताही लागत नाही. दृश्य प्रकाशातली प्रतिमा एक किलोमीटरची असते. सकाळी आठ-नऊच्या प्रतिमेत नदीच्या कडेने एक फिकट पट्टा दिसायचा. तो धूर की धुकं? धुकं जास्त पांढरं, साईसारखं सपाट, खोऱ्याच्या काठाला धरून राहणारं, आणि ऊन चढलं की विरणारं. धूर राखट, कडा पुसट, उशिरापर्यंत रेंगाळणारा. पण थंडीतल्या पहाटे दोन्ही एकत्र असतात, आणि तो पट्टा नेमका कशाचा हे मला एकाही दिवशी छातीठोकपणे सांगता आलं नाही.

सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहाच्या एरोसोल निर्देशांकाचीही, म्हणजे हवेतल्या सूक्ष्म कणांच्या मापाचीही, तीच गत. २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांचा धूर स्थितांबरापर्यंत चढला, २०२३ च्या जूनमध्ये कॅनडाच्या जंगलांचा धूर न्यूयॉर्कवर नारिंगी होऊन उतरला. असा उंच चढलेला धूर या उपकरणाला छान दिसतो. जमिनीला चिकटून बसलेला आमचा धूर त्याला फारसा जाणवत नाही. आणि माणसाच्या छातीत जातो तो हाच. थंडीत सूर्य कलला की जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार थराचं झाकण बसतं, आणि सहा वाजताचा धूर दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत खोलगटात कोंडून राहतो.

उरला सेंटिनेल-२. दहा ते वीस मीटरची चौकट, दोन उपग्रह मिळून पाच दिवसांनी एकदा, सकाळी अकराच्या सुमाराला. त्याला जळतानाची आग क्वचितच सापडेल, पण जळून गेलेलं रान दिसेल. काळा डाग पाच दिवस टिकतो. मी तिकडे वळलो.

आमची चूक

जळालेलं रान शोधायची रूढ रीत अशी: निकट-अवरक्त आणि लघुतरंग-अवरक्त या दोन पट्ट्यांवरून एक निर्देशांक काढायचा आणि 'आधी' व 'नंतर' यांतला फरक पाहायचा. जंगलासाठी ती चांगली चालते. हिरवं जातं, कोळसा येतो, निर्देशांक धाडकन पडतो.

मी तेच केलं. नोव्हेंबरची प्रतिमा 'आधी', डिसेंबरची 'नंतर'. नकाशा लालेलाल झाला. गावाचं निम्मं शिवार जळालेलं! मला वाटलं, सापडलं. गटनकाशा त्यावर टाकला आणि सरांना पाठवला. सरांनी ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. शनिवारी रात्री.

सोमवारी सकाळी पंचायतीच्या कचेरीत एक सत्तरीचे आप्पा आले. धोतराच्या सोग्यात काहीतरी बांधून आणलेलं. टेबलावर सोडलं तर ओलसर, तपकिरी, पांढरी बुरशी धरलेलं पाचट. कचेरीभर कुजक्या पाल्याचा वास पसरला. त्यांनी आवाज चढवला नाही.

"ह्ये जाळलेलं हाय का? हात लावून बघा. पाच वर्सं झाली माझ्या रानाला काडी लागली न्हाई. आन् तुमी माझं रान लाल केलंय. नातू इचारतोय, आजा तुमीबी पेटवता व्हय?"

त्यांच्या रानात गेलो. सरीसरीत पाचट दाबून कुजवलेलं होतं, मधून खोडव्याचे हिरवे कोंब. जमीन भुसभुशीत, उकरली की गांडूळ.

चूक काय होती ती उभ्या उभ्याच लक्षात आली. 'आधी' उभा हिरवा ऊस होता, 'नंतर' तोड झालेली. हिरवं गेलं म्हणून निर्देशांक पडला. माझ्या नकाशाने तोड झालेलं प्रत्येक रान जळालेलं ठरवलं होतं. जंगलात हिरवं अचानक जातं ते सहसा आगीने. उसात ते आधी कोयत्याने जातं. पीक न ओळखता रीत उचलली, आणि ती तपासण्याआधी माणसांच्या गटनंबरांवर टाकली.

त्या दुपारी मी आणि सर आप्पांच्या घरी जाऊन माफी मागून आलो. व्हॉट्सॲपवर नकाशा चुकीचा असल्याचं लिहिलं. पण पहिला नकाशा शे-दोनशे लोकांनी पुढे पाठवला होता, आणि दुरुस्ती फार तर दहाजणांनी वाचली असेल.

समोरचे पर्याय

त्या आठवड्यात सरपंच ताई, सर, सोसायटीचे सचिव, आशाताई आणि मी असे पाचजण बसलो.

पहिला पर्याय, नकाशा दुरुस्त करून गटनंबरांसह यादी तहसीलदार कचेरीत द्यायची. काहींना तोच हवा होता. त्यांची बाजू खोटी नव्हती: लेकरांच्या छातीत धूर जातोय, आणि विनवण्या दहा वर्षं झाल्या. पण मी आता अडून बसलो. दहा-वीस मीटरच्या चौकटीतही बांधावरचे दोन गट एकमेकांत मिसळतात, गटनकाशा प्रतिमेवर काही मीटर सरकलेला असतो, आणि पाच दिवसांत एकदा आलेल्या प्रतिमेवरून काडी मालकाने लावली, ऊसतोडणीच्या टोळीने की शेजारच्या रानातली ठिणगी उडाली, हे कळत नाही. दंड ज्याच्यावर बसतो त्याला उलटतपासणीचा हक्क असतो. माझा नकाशा त्या तपासणीत टिकला नसता.

दुसरा पर्याय, वेळ बदलायची. पेटवायचंच असेल तर दुपारी बारा-एकला पेटवा: ऊन असतं, हवा वर चढते, धूर विरतो. हवामानाच्या हिशेबाने हे अगदी बरोबर. आशाताईंना पटलंही. सचिवांनी एका वाक्यात मोडून काढलं: "दुपारच्या वाऱ्यात काडी लावली आन् शेजारच्याचा उभा ऊस गेला, तर भरून कोण देणार?" डोक्यावरून विजेच्या तारा जातात तो धोका वेगळाच. हा पर्याय सोडला. सोडला ते योग्यच झालं, असं मला अजून वाटतं.

तिसरा, ठराव करून बंदी. ठराव सोपा असतो, पण पाळायचा कुणी? माणूस काडी लावतो ती पाचटाच्या अडचणीमुळे, आणि ती अडचण ठरावाने हलत नाही.

चौथा पर्याय सचिवांनी काढला. सोसायटीने पाचट कुट्टीचं यंत्र भाड्याने आणावं, आणि उपग्रहावरून तोड कुठे झाली ते बघून यंत्र तिकडे पाठवावं. म्हणजे ज्या नकाशाने माणूस पकडायचा होता त्याच नकाशाने त्याच्याकडे मदत न्यायची. बैठकीत शांतता झाली. मला वाटतं प्रकरण तिथे वळलं.

काय केलं

आधी धूर कशाचा हा प्रश्न नीट संपवला. शाळेच्या गच्चीवर आणि वरच्या माळावर एकेक स्वस्त संवेदक बसवला, हवेतले पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कण मोजणारा. असे संवेदक धुक्यात फसतात. कणांना ओल लागून ते फुगतात आणि आकडा चढतो. म्हणून पहाटेचे आकडे बाजूला ठेवून संध्याकाळी सहा ते दहाचे धरले, तेव्हा हवा अजून तेवढी दमट नसते. शाळेतला आकडा मुलांनी वहीत लोट लिहिला की थोड्याच वेळात चढायचा, माळावरचा जवळजवळ हलायचा नाही. देशाच्या मानकानुसार २४ तासांची सरासरी घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. शाळेत लोटांच्या संध्याकाळी आकडा त्याच्या कितीतरी वर राहायचा.

चिमणीचं काय? कारखाना दोन दिवस बंद राहिला तेव्हा धूर कमी झाला, आणि लोक म्हणाले, बघा, सापडला चोर. पण कारखाना बंद म्हणजे तोड बंद, तोड बंद म्हणजे पेटवणंही बंद. त्या दोन दिवसांवरून काहीच सिद्ध होत नव्हतं. ध्वजस्तंभाला बांधलेल्या कापडाच्या पट्टीने जास्त सांगितलं. लोटांच्या संध्याकाळी वाऱ्याची झुळूक कारखान्याच्या बाजूने शाळेकडे क्वचितच असायची. चिमणी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. शाळेवरचा संध्याकाळचा धूर मात्र रानातला होता.

मग नकाशा नव्याने. या खेपेला 'आधी' म्हणून तोडीनंतरची, पाचट पसरलेली पहिली प्रतिमा धरली, 'नंतर' म्हणून पुढची. पाचटाचं रान प्रतिमेत फिकट पिवळं उठून दिसतं, जळालेलं काळं. तरी एक सापळा उरतोच: नुकतं पाणी पाजलेली काळी माती साध्या रंगीत प्रतिमेत हुबेहूब जळाल्यासारखी दिसते. तिथे लघुतरंग-अवरक्त पट्टा कामी आला. पाणी तो प्रकाश शोषून घेतं, कोळसा तेवढा नाही. म्हणून ओलं रान त्या पट्ट्यात गडद पडतं आणि जळालेलं त्या मानाने उजळ राहतं. नांगरून टाकलेलं कोरडं काळं रान तरीही फसवायचं.

म्हणून छापील नकाशे घेऊन चाललो. सर, चार पोरं आणि मी, तीन शनिवार. दिसेल त्या काळ्या रानाच्या बांधावर उभं राहायचं आणि तीनच खुणा करायच्या: जळालं, पाणी पाजलं, नांगरलं. पोरांना बुडख्यावरून ओळखता येऊ लागलं. जळालेल्या रानातला बुडखा वरून करपलेला आणि कडेने काजळलेला असतो, पाणी पाजलेल्या रानातला पांढरट. नकाशावर गटनंबर आणि मालकांची नावं अजिबात ठेवली नाहीत. शिवाराचे भाग करून प्रत्येक भागात किती रान जळालं एवढंच दाखवलं.

कुट्टीचं यंत्र जानेवारीत आलं. पहिल्याच आठवड्यात कळलं की पाच दिवसांनी येणारा उपग्रह यासाठी संथ आहे. तोड झाल्यावर दोन-तीन दिवसांत पाचट हलवलं नाही तर माणूस काडी लावून मोकळा होतो. आज कुठे कोयता लागला, उद्या टोळी कुठे जाणार, हे चिटबॉयच्या, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या वहीत आधीच लिहिलेलं असतं. सचिवांनी त्याच्याशी बोलून घेतलं आणि यंत्राचं वेळापत्रक त्या वहीवरून लागलं. उपग्रहाचं काम मागे वळून पाहण्यापुरतं राहिलं: कुठल्या भागात पाचट टिकलं, कुठे नाही. ते त्याला चांगलं जमतं.

पाचट कुजवायची रीत शिकवायला आप्पा पुढे आले. एक टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट, एक किलो जिवाणू संवर्धक, आणि वर पाणी. बुडखे उघडे करून पाचट एका आड एक सरीत ओढायचं. आम्ही त्यांना विनंती करायचं धाडस केलं नव्हतं, ते आपणहून आले.

निष्पत्ती

हंगाम संपता संपता गावच्या शिवारात, निदान यंत्र पोचलं त्या भागांत, पिवळी राहिलेली रानं नकाशावर स्पष्ट दिसत होती. काही शेतकऱ्यांनी यंत्राची वाट न बघता सरीत पाचट ओढलं. ही खरी कमाई.

शाळेच्या गच्चीवरचा आकडा मात्र तेवढा उतरला नाही. का, ते नकाशाची चौकट मोठी केल्यावर दिसलं. नदीच्या पलीकडचं शिवार काळ्या डागांनी भरलेलं होतं. तो दुसरा तालुका, दुसरी ग्रामपंचायत. आम्ही दोन महिने आमच्याच गावाची सीमा धरून नकाशे काढत बसलो होतो, आणि धूर रोज संध्याकाळी नदी ओलांडून येत होता. पलीकडच्या सरपंचांशी दोन बैठका झाल्या. पुढच्या हंगामात यंत्र दोन्ही गावांत फिरवायचं बोलणं चालू आहे, पक्कं झालेलं नाही.

दुसरी गोष्ट, फेब्रुवारीत धूर पुन्हा चढला. तोपर्यंत पाचटाचा प्रश्न थोडा सुटला होता, उभा ऊस पेटवायचा सुटला नव्हता. हंगामाच्या शेवटी टोळ्यांना गावाकडे परतायची ओढ असते, माणसं कमी पडतात, आणि ज्याचा ऊस उरला त्याच्या तोंडचं पाणी पळतं. एका शेतकऱ्याने मला बांधावर सांगितलं, "टोळी म्हणती, पेटवून द्या, उद्या कोयता लावतो. न्हाईतर आमी चाललो. मग मी काय करू वो? उभा ऊस वाळवत बसू?" जळीत म्हणून कारखाना पैसे कापतो हे माहीत असूनही तो काडी लावतो. त्यावर यंत्र नाही आणि नकाशाही नाही. तोडणीची माणसं वेळेवर मिळणं आणि त्यांना कामाचा पुरेसा दाम मिळणं याच्याशी तो प्रश्न बांधलेला आहे. आमच्या पाचजणांच्या बैठकीत एकही तोडणी कामगार नव्हता, टोळीचा मुकादमही नव्हता.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी वही, मग उपग्रह. मुलांनी लिहिलेल्या वेळा पहिल्या दिवशी मागितल्या असत्या तर दुपारच्या ठिपक्यांमागे तीन आठवडे गेले नसते. कुठल्याही गावाने हे काम हाती घेतलं तर उपग्रह डोक्यावरून जाण्याची वेळ आणि आग लागण्याची वेळ एका कागदावर शेजारी शेजारी लिहावी. दोन्ही जुळत नसतील तर ठिपक्यांची संख्या घटली म्हणून आनंद मानू नये आणि वाढली म्हणून कुणाला धरू नये.

नकाशा बाहेर देण्याआधी जमिनीवर किमान वीस-पंचवीस रानं पाहिली पाहिजेत. त्यांत मुद्दाम अशी रानं हवीत जिथे नकाशा चुकण्याचा संभव जास्त: तोड झालेली, पाणी पाजलेली, नांगरलेली. मी फक्त नकाशा बरोबर ठरवणारी रानं शोधत गेलो असतो तर ती सापडलीच असती.

गटनंबर टाकायचे की नाही हा निर्णय मी काम सुरू करण्याआधी, सरपंच ताईंच्या पहिल्या प्रश्नालाच घ्यायला हवा होता. 'यादी मिळणार नाही, पण धूर कशाचा ते कळेल' एवढं एक वाक्य. ते मी बोललो नाही, म्हणून सर नकाशा गटावर टाकताना कचरले नाहीत. त्यांना दोष देत नाही.

चौकट पहिल्या दिवसापासून खोऱ्याची धरली पाहिजे, गावाची नव्हे. मुकादम आणि टोळीतल्या बायका बैठकीत हव्यात. तोडणीत त्या निम्मं काम करतात, पेटत्या रानाजवळ त्यांची लेकरं असतात, आणि धूर सगळ्यात जवळून त्याच घेतात. त्यांच्या खोपीजवळ एकही संवेदक नव्हता. याची मला सगळ्यात जास्त टोचणी आहे.

आप्पांचा फोन अजून येतो. रानाला पाणी पाजलं की ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर तारीख लिहून ठेवतात आणि मला कळवतात, "आज पाजलंय, काळं दिसंल. लिवून घ्या." त्यांचं बघून आणखी सात-आठजण कळवू लागले आहेत. या हंगामातला नकाशा मी त्या तारखा शेजारी ठेवूनच तपासतो.